एका पुस्तकाला एक पट्टी

वाचता वाचता विणणं जमत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा वेणीच्या विणीचा स्वेटर असतो आणि मांडीवर पाचशे पानांची कादंबरी. दोन्ही कामांना मोजणारं डोकं लागतं, आणि ते एकच असतं. तिसऱ्या पानावर नायिकेचा दीर कोण आणि सासरा कोण याचा घोळ होतो, सुईवर सहाच्या जागी सात टाके होतात, आणि दोष मात्र छंदाला जातो.

जोडी जुळवली की दोन्ही छान चालतं. पुस्तक डोळ्यांनी वाचायचं असेल तर विणीत मोजदाद अजिबात नको. पुस्तक कानांनी ऐकायचं असेल तर थोडी मोजदाद चालते. मोज्याची टाच वळवणं, गळ्याचे टाके घटवणं, बाह्या जोडणं ही कामं पुस्तक मिटून. यात कुणी अपवाद असेलही, पण त्याच्या मोज्यांच्या टाचा एकदा तपासून घ्याव्यात.

ऐतिहासिक आणि ख्रिस्ती कादंबऱ्यांच्या मालिका या उद्योगाला सोयीच्या पडतात. तेच कुटुंब, तोच गाव, तेच शेत पुढच्या पुस्तकात भेटतं, त्यामुळे दर वेळी नव्याने नावं पाठ करावी लागत नाहीत. शिवाय या कादंबऱ्यांची चाल संथ असते. हिवाळा येतो, सरपण फोडलं जातं, कुणीतरी आजारी पडतं, प्रार्थना होते, वसंत येतो. विणकामाचीही चाल तशीच आहे.

उदाहरणाला जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही मालिका घेऊ. पहिलं पुस्तक १९७९ सालचं, एकूण पुस्तकं आठ. अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते, पोटात मूल असतं, आणि एका लहान मुलीच्या विधुर बापाशी, क्लार्कशी, निव्वळ सोय म्हणून लग्न करते. पुस्तकं आटोपशीर आहेत, दोनशे-सव्वादोनशे पानांच्या घरातली. विणता विणता वाचताना वेग साधारण तासाला पंचवीस पानांवर येतो, म्हणजे एका पुस्तकाला नऊ तास. आता त्याच नऊ तासांत हातून किती विणून होतं ते पाहा. न बघता, सावकाश, मिनिटाला २० टाके धरले तर तासाला १२०० आणि नऊ तासांत १०,८००. एवढ्या टाक्यांत १५ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ११० सेंटिमीटर लांब पट्टी होते. आठ पुस्तकं, आठ पट्ट्या, जोडल्या की १२० सेंटिमीटर रुंदीचं पांघरूण. हिशेब इतका चपखल बसतो की यापेक्षा वेगळं काही करावंसं वाटत नाही.

पट्टीचं माप असं. आठ पदरी लोकर, ६ नंबरची सुई. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि ते उलटे असतात: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४ आणि ६ म्हणजे ५ मिलिमीटर. परदेशी नमुन्यात नुसतं '६' लिहिलेलं असेल तर ती कुठली सहा हे आधी पाहायचं. अमेरिकन ६ ही ४ मिलिमीटरची असते, म्हणजे आपली ८ नंबर. असा घोळ झाला की पट्टी अरुंद आणि घट्ट होते.

आधी २७ टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणा. उलट टाका नाही, घट नाही, वाढ नाही. दोन ओळी झाल्या की कापडावर एक उंचवटा दिसतो. शेतातल्या सरी-वरंब्यांसारखी ही वीण दिसते, म्हणून त्याला वरंबाच म्हणू. १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके आणि १८ वरंबे बसले तर माप बरोबर आहे. १२० सेंटिमीटरला २१६ वरंबे होतात, ११० ला १९८. जो आकडा ठरवाल तो आठही पट्ट्यांना तोच ठेवायचा.

इथे बहुतेकांचं चुकतं. पट्टीची लांबी टेपने मोजू नका, वरंबे मोजा. पहिली पट्टी पावसाळ्यात विणली, पाचवी थंडीत, सातवी सगळ्यात रडवणाऱ्या पुस्तकाबरोबर. हात प्रत्येक वेळी सारखा पडत नाही. टेपने मोजून बंद केलेल्या पट्ट्यांत दहा-बारा वरंब्यांचा फरक पडतो आणि जोडताना एक बाजू चुण्या घेते. वरंबे सारखे असतील तर दीड-दोन सेंटिमीटरचा फरक जोडणीत सहज जिरतो. दर २४ वरंब्यांना काठाला एक सेफ्टी पिन अडकवा. २१६ च्या पट्टीला बरोबर नऊ पिना होतात आणि शेवटी मोजदाद पिनांची होते, वरंब्यांची नाही.

एका पट्टीला साधारण १०० ग्रॅम लोकर लागते, आठांना ८००. जोडणीसाठी आणि चुकांसाठी ९०० घ्या, आणि एका रंगाची सगळी एकदमच घ्या. लेबलवरचा डाय लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, वेगळा निघाला तर दुकानात एक वाटणारा रंग पांघरुणावर पट्ट्यापट्ट्यांनी वेगळा दिसतो. वेगळ्या लॉटची लोकर गळ्यात पडलीच तर दोन ओळी एका गुंड्याच्या आणि दोन दुसऱ्याच्या अशी आलटून पालटून विणली की फरक मिसळून जातो. किंवा सरळ प्रत्येक पुस्तकाला वेगळा रंग घ्यायचा. आठ रंगांचं पांघरूण भडक होतं म्हणून नाक मुरडणारे असतात. त्यांनी चार रंग दोनदा वापरावेत.

आता न बघता विणण्याचा सराव. पहिल्या पट्टीच्या पहिल्या दहा वरंब्यांपर्यंत पुस्तक उघडूच नका. मग डोळे मिटून वीस टाके विणा आणि बघा. डाव्या अंगठ्याने पुढचा टाका टोकाकडे सरकवायचा, उजव्या तर्जनीने सुईचं टोक चाचपायचं. टाका सुटला तर बोटाला आधी कळतं: सुई एकदम हलकी लागते. लोकर घट्ट पिळाची हवी. सैल पिळाच्या लोकरीत सुई पदरांच्या मधून शिरते, अर्धा टाका विणला जातो आणि अर्धा मागे राहतो, जो तुम्हाला चार पानांनंतर दिसतो. केसाळ लोकर तर नकोच. तिची चूक दिसतही नाही आणि उसवतही नाही. रंग फिका घ्या. काळी किंवा गडद निळी लोकर संध्याकाळच्या दिव्यात वाचकाची वैरीण आहे.

कोकणात किंवा मुंबईत बोटं घामट होतात आणि ॲक्रिलिक लोकर बांबूच्या सुईवर अडखळते. तिथे ॲल्युमिनियमच्या सुया बऱ्या. ज्यांना लोकरीचं पांघरूण वर्षातून दोनच दिवस लागतं त्यांनी सुती धागा घ्यावा, पण सूत ताणलं की परत आकसत नाही आणि धुतल्यावर जड होतं. म्हणून बारीक धागा, बारीक सुई, आणि टाक्यांची संख्या स्वतःच्या नमुन्यावर मोजून.

सगळ्यात जास्त घडणारी चूक टाका सुटण्याची नाही. ओळीच्या मध्येच काम ठेवून उठायचं, आणि परत आल्यावर उलट दिशेने विणायला लागायचं, ही ती चूक. पट्टी एका बाजूला दोन ओळींनी वाढते आणि मधे खळगा पडतो. नियम सोपा आहे: गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवरून निघतो ती उजव्या हातात. त्याहून सोपं म्हणजे दाराची बेल वाजली तरी ओळ संपवून उठायचं. २७ टाक्यांना दीड मिनिटाच्या आत वेळ लागतो, तेवढं कुणीही थांबतं.

टाका सुटून दोन-चार ओळी खाली गेलाच तर उसवू नका. क्रोशाची सुई घ्या आणि सुटलेल्या फाशाकडे नीट बघा. त्याच्या वर शिडीसारखे आडवे धागे दिसतात. आडवा धागा फाशाच्या मागे असेल तर क्रोशा समोरून घालून धागा ओढून घ्या, गुळगुळीत टाका येतो. धागा फाशाच्या पुढे असेल तर क्रोशा मागून घाला, उंचवटा येतो. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत हे आळीपाळीने येतं: एकदा समोरून, एकदा मागून. सगळे समोरूनच ओढले तर त्या जागी एक गुळगुळीत उभी रेघ उठून दिसते.

पुस्तक उघडं कसं ठेवायचं हा निम्मा प्रश्न आहे, कारण जाड पेपरबॅक आपणहून मिटतं. पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड यासाठी उत्तम. तो टेबलावर ठेवा, मांडीवर नको, म्हणजे मान खाली वाकत नाही. दोन्ही बाजूंच्या पानांना कपड्यांचे चिमटे लावायचे, पण एका चिमट्यात मागची आठ-दहाच पानं धरायची. सगळी जाडी एका चिमट्यात कोंबली की पान उलटताना तो उडतो आणि बांधणीही ढिली होते. ई-रीडर असेल तर अक्षर दोन पायऱ्या मोठं करा आणि बोटाच्या पेराने पान उलटा. दिवा डाव्या खांद्यामागून. पाऊण तासाने उठायचं आणि खांदे फिरवायचे. गोष्ट कितीही रंगली तरी.

सगळ्या मालिका जॅनेट ओक यांच्यासारख्या सौम्य नसतात. फ्रॅन्सिन रिव्हर्स यांची 'मार्क ऑफ द लायन' ही तीन खंडांची मालिका १९९३ ते १९९५ या काळात आली. तिची सुरुवातच इसवी सन ७० मधल्या जेरुसलेमच्या वेढ्याने होते: उपासमार, प्रेतं, गुलामांचे बाजार. तिथून हदस्सा नावाची ज्यू ख्रिस्ती मुलगी गुलाम म्हणून एका रोमन घरात पोचते. पुस्तकं जाड, पात्रं पुष्कळ, आणि दृष्टिकोन सतत बदलतो. अशा पुस्तकाबरोबर पट्टीचं विणकाम सारखं वळवावं लागतं. तिथे लांब ओळींची त्रिकोणी शाल बरी.

शालीसाठी तीच लोकर, तीच ६ नंबरची सुई, फक्त ८० सेंटिमीटर वायरची गोल सुई घ्या. सरळ लांब सुयांची टोकं खुर्चीच्या हातांवर आपटतात आणि सगळं वजन मनगटावर येतं. गोल सुईवर ते मांडीत राहतं. ३ टाके घाला, एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळीला २ सुलट, सुईवर धागा घेऊन एक जादा टाका, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि दोन्ही काठांना जाळीची नक्षी येते. डोळ्यांचं काम फक्त ओळीच्या आरंभी, तीन टाक्यांपुरतं. नंतर ओळीच्या शेवटपर्यंत डोळे पुस्तकात. २०० टाक्यांची ओळ म्हणजे दहा मिनिटं.

२२० टाके झाले की रुंदी सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास येते. एकूण टाके चोवीस हजारांच्या वर, म्हणजे मिनिटाला २० या चालीने वीस तास, आणि लोकर सुमारे २०० ग्रॅम. इथली फसवणूक लक्षात ठेवा: ओळी निम्म्या झाल्या म्हणजे काम निम्मं झालं असं नाही. निम्मं काम सुईवर १५६ टाके आल्यावर होतं, म्हणजे सत्तर टक्के ओळी संपल्यावर. त्या वेळी उरलेला गुंडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. उरलेली लोकर वापरलेल्या लोकरीपेक्षा कमी भरली तर २२० पर्यंत पोचणार नाही. आत्ताच थोडं आधी थांबायचं ठरवा. बंद करायला रुंदीच्या चौपट, म्हणजे पाच मीटर धागा राखून ठेवा, आणि टाके बंद करताना उजव्या हातात ४ नंबरची जाड सुई घ्या, नाहीतर वरचा काठ धनुष्यासारखा ओढला जातो.

ओळीच्या आरंभीचा जादा टाका गाळला असं पुढच्या ओळीत कळलं तर उसवायची गरज नाही. त्या जागी दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा सुईवर उचला आणि सुलट विणा. भोक किंचित लहान पडतं, एवढंच.

ऐकायच्या पुस्तकांचं शास्त्र वेगळं आहे. डोळे मोकळे असल्याने वेणीची वीण, रंगीत पट्टे, मोज्याची नळी हे सगळं चालतं. पण इतिहासाच्या कादंबरीत प्रकरणाच्या डोक्यावर साल आणि गाव असतं, ते एका श्वासात वाचून निवेदक पुढे जातो आणि तुम्ही नेमके वेणीचे टाके एकमेकांवरून ओलांडत असता. पुढचा अर्धा तास आपण कुठल्या शतकात आहोत हेच कळत नाही. म्हणून पात्रांची नावं आणि नाती एका चिठ्ठीवर लिहून विणकामाच्या पिशवीला टाचून ठेवा, आणि नकाशा किंवा वंशावळ असेल तर छापील प्रतीत आधी बघून घ्या. वेणीची ओलांडणी सहा किंवा आठ ओळींनी एकदा येते. त्या ओळीला आवाज थांबवायचा. आणखी एक. प्रसंग ताणला की टाकेही घट्ट होतात. सरी-वरंब्याच्या विणीत ते लपतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा स्वेटरच्या सपाट पाठीवर मात्र कोलोसियमचा प्रसंग कुठे आला ते आडव्या पट्ट्यासारखं दिसतं. पाठ आणि पुढचा भाग वाचून झालेल्या पुस्तकाबरोबर विणावेत.

मराठीत या वाटेवर पहिलं नाव बाबा पदमनजी यांचं. त्यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते ओळखलं जातं, विधवांच्या स्थितीवरचं आहे आणि उघडपणे ख्रिस्ती आहे. मालिका नाही, लहानसं पुस्तक आहे. पण दीडशे वर्षांहून जुनं मराठी गद्य डोळ्यांनी सावकाश वाचावं लागतं, त्यामुळे हातात पट्टीच हवी, शालही नको.

विणणाऱ्या वाचकाला एक खोड लागते: पात्रांच्या अंगावरचे कपडे तपासायची. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला होता असं येतं. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर इथे सुया येऊ शकतात, कारण आपलं 'विणणं' कोष्ट्याच्या मागालाही चालतं, सुयांनाही, टोपलीलाही. तो अंगरखा मागावरचा. पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाइनमध्ये आपण ज्याला दोन सुयांचं विणकाम म्हणतो ते नव्हतंच. इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे, अंगठ्याजवळ फाट असलेले मोजे तिसऱ्या ते पाचव्या शतकातले आहेत आणि हुबेहूब विणल्यासारखे दिसतात, पण ते एकाच सुईने फाशातून फासा ओढत केलेले. उलट टाका तर फारच उशिरा दिसतो: १५६२ मध्ये पुरलेल्या, फ्लॉरेन्सच्या ड्यूकची पत्नी एलिओनोरा हिच्या पायमोज्यांत तो आहे. तेव्हा हदस्साच्या काळातल्या एखाद्या नायिकेने दिव्याशी बसून मफलर विणला तर लेखिकेने अभ्यास केलेला नाही. प्रेअरीवरच्या मार्टीने पोलादी सुयांच्या संचावर मोजे विणले तर ठीक. तिच्या हातात वायरची गोल सुई आली तर नाही, ती विसाव्या शतकातली.

तरीही बिनशिवणीच्या त्या अंगरख्याला चित्रकारांनी सुयांवर चढवलंच. हँबुर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात मास्टर बर्ट्राम यांच्या नावाने ओळखला जाणारा, १४०० च्या आसपासचा वेदीचा पट आहे. त्याच्या एका चौकटीत मरिया चार सुयांवर छोटा अंगरखा गोल विणत बसली आहे, आणि देवदूत येशूच्या दुःखसहनाची चिन्हं घेऊन आले आहेत. अंगरखा जवळजवळ पुरा झाला आहे. सुयांवर गळ्याचे टाके आहेत, आणि उघडं पुस्तक आहे ते गवतावरच्या मुलापाशी.